गझाला आणि लाख एकरांचं वावर

गझालाला हसू आवरत नाही, हे तिच्या सासरच्यांना निकाहच्या दिवशीच कळलं होतं. वकील आणि दोन साक्षीदार तिची संमती विचारायला आत आले. त्याच वेळी कनातीखालून एक शेळी घुसली आणि एका साक्षीदाराच्या गळ्यातला मोगऱ्याचा हार मागच्या बाजूनं खाऊ लागली. त्या भल्या माणसाला पत्ताच नाही. तो गंभीर चेहऱ्यानं उभा, हार कमी कमी होत चाललेला, आणि नवरी ओढणीत तोंड खुपसून गदगदा हलतेय. बायकांना वाटलं, माहेरच्या आठवणीनं रडते आहे. दोघीतिघींनी तिच्या पाठीवरून हातही फिरवला. तीनदा विचारायची रीत आहे म्हणून निभावलं. तिसऱ्या वेळी कसंबसं ‘कबूल’ बाहेर पडलं. सासू सुग्राबीला मात्र ते हसू दिसलं होतं, त्यावरून ती चार दिवस फुगून बसली होती. पाचव्या दिवशी तिला कुणीतरी शेळीचं सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढे बसून अशी हसली की तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. तिथून पुढं सासूसुनेचं जे जमलं ते जमलंच.

गझालाचा नवरा नौशाद राळेगावला बस स्टँडच्या मागं डिझेल इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. गझाला बारावी शिकलेली. दुपारी डबा घेऊन दुकानात जायची ती तिथंच रेंगाळायची, आणि दोनतीन वर्षांत नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगू लागली. म्हणून महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो चालवायला कोण शिकणार असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्या बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या. नागपूरला पंधरा दिवस राहायचं, परीक्षा द्यायची, परत येऊन परक्यांच्या वावरात उभं राहायचं. घरात नौशादनं अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच सुग्राबीनं निकाल देऊन टाकला. ती म्हणाली, “गझाला जाईन. न् वावरात तिच्यासंग मी जाईन.”

तसंच झालं. गझाला लायसन घेऊन आली आणि अठ्ठावन्न वर्षांची सुग्राबी तिची मदतनीस झाली. सुग्राबीला अक्षर येत नाही, पण दहा लिटरचा कॅन ती पाण्याच्या तांब्यासारखा उचलते. औषध मिसळताना हातमोजे आणि तोंडाला मास्क, वारा नेहमी पाठीशी, आणि गझालाच्या हातातल्या रिमोटवर ऊन पडू नये म्हणून दुसऱ्या हातात काळी छत्री. खेकड्यासारखे सहा पाय दुमडून बसलेला तो ड्रोन नौशादच्या टेम्पोत चढवला, की दोघी पुढं बसून गावोगाव निघायच्या. सुग्राबी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की आपण कामावर चाललो आहोत.

काम तसं सोपं. रिमोटवर एक पडदा असतो, त्यावर नकाशा उघडतो. आधी वावराच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, चालत जायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहून एक हिरवं बटन दाबायचं. रिमोट वरच्या उपग्रहांना विचारतो, मी कुठं आहे, आणि तो कोपरा टिपून घेतो. सगळे कोपरे टिपून झाले की नकाशावर वावराची आकृती उमटते, आणि मग ड्रोन आपल्या आपण त्या आकृतीच्या आतच, नांगराच्या तासासारखा इकडून तिकडे फिरत फवारा मारतो. धुऱ्याबाहेर एक थेंब नाही.

त्या सप्टेंबरात एका मंगळवारी त्यांनी बबनरावांचं वावर टिपलं. बबनराव म्हणजे गावातला बोलका माणूस. वावर चार एकर, पण गोष्टी चाळीस एकराच्या. पाच कोपरे टिपून झाले आणि आभाळ भरून आलं. फवारणी काही झाली नाही. दोघींनी सामान आवरलं आणि भिजत घरी आल्या.

गुरुवारी सकाळी त्याच गावात सदाशिवरावांच्या सात एकर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारायचा होता. पानांवर तुडतुडे पडले होते, पानं काठाला लाल होऊन वळत होती. ड्रोन बोलावला होता तो सदाशिवरावांनी नव्हे, त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी. दोन वर्षांपूर्वी पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता सदाशिवराव पऱ्हाटीच्या ओळीतच आडवे झाले होते. तोंडाला फेस, डोळे फिरलेले. यवतमाळच्या दवाखान्यात सात दिवस काढले. आठव्या दिवशी घरी आल्या आल्या विमलताईंनी तो पंप करवतीनं अर्धा कापला, त्यात माती भरली आणि गवती चहा लावला. सदाशिवराव रोज सकाळी त्याच चहाची पात घातलेला चहा पितात.

तर गुरुवारी धुऱ्यावर पंचवीस-तीस माणसं जमली. ड्रोन सहा पाय पसरून तयार. सुग्राबीनं छत्री उघडली. गझालानं रिमोट सुरू केला. पडद्यावर आलं, नकाशा लोड होत आहे. निळं चक्र फिरू लागलं, एक तृतीयांश फिरलं आणि थांबलं. मग काही हलेना. बटन दाबलं तर दाद नाही, पडद्यावर बोट फिरवलं तर दाद नाही.

गझालानं रिमोट बंद करून सुरू केला. चक्र फिरलं आणि तिथंच थांबलं. आणखी दोनदा तेच. रिमोट तापला असेल म्हणून सुग्राबीनं पदरानं वारा घातला. रेंज नसेल म्हणून गझाला धुऱ्याला लागलेल्या बैलबंडीवर चढली, रिमोट डोक्याच्या वर धरून उभी राहिली. एकानं आपल्या मोबाइलचं नेट जोडून दिलं. तिनं अ‍ॅपमधला साठलेला कचरा पुसला. कंपनीच्या मदत नंबरला फोन केला, तिथल्या मुलीनं अ‍ॅप अपडेट करायला सांगितलं. त्यासाठी ती गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेली, कारण रेंज तिथंच बरी येते, आणि अपडेट करून धापा टाकत परत आली. नव्या अ‍ॅपमधलं चक्र जुन्या चक्राइतकंच फिरलं आणि त्याच जागी थांबलं.

तोवर नऊ वाजून गेले होते. बबनराव सकाळपासून तिथंच होते. उपग्रह आज सुट्टीवर असन, असं ते म्हणाले आणि चार माणसं हसली. गझालाही हसली असती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिला हसू येईना. माणसं एकेक करून पांगू लागली. सदाशिवराव पुढं आले, ओशाळल्यासारखे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “राहू दे पोरी. भावाकडं पंप हाय. अर्धं तं अर्धं मीच मारून घेतो.”

विमलताईंनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं, मग गझालाकडे. ती नजर गझालाला सोसवली नाही. तिनं सदाशिवरावांना एक तास मागितला, रिमोट घेऊन धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसली आणि नौशादला फोन लावला.

नौशादच्या हातात तेव्हा कुणाच्या तरी पंपाचं पिस्टन होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रिमोटमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. मग म्हणाला, “इंजन बंद पडलं तं सगळंच खोलत नाई बसत ना आपण. आखरी बार कधी अच्छा चाललं, न् त्याच्यानंतर त्यात काय टाकलं, ते पाह्य. न् लाइनी एक एक करून बंद कर. जे लाइन बंद केल्यावर चालू होईन, खराबी तिथंच.”

फोन ठेवून गझाला रिमोटकडे बघत बसली. शेवटचा तो नीट चालला मंगळवारी. तेव्हापासून त्यात काय पडलं? पाऊस नाही, तो पिशवीत होता. मग लाइनी. रिमोटमध्ये येणारी लाइन कोणती? नेट. आतापर्यंत ती नेट वाढवायला धडपडत होती. बंडीवर चढून, टाकीपर्यंत पळून. ते बंद करून पाहायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं नेट बंद केलं आणि रिमोट पुन्हा सुरू केला.

अ‍ॅप झटकन उघडलं. नकाशाच्या जागी नुसता राखाडी पडदा, पण बटनं हलत होती. बाजूला आजवर टिपलेल्या वावरांची यादी होती, प्रत्येक नावापुढं एकर. तीन पूर्णांक आठ. दोन पूर्णांक एक. पाच. साडेसहा. असं करत ती शेवटच्या नावावर आली. बबनराव. एक लाख अकरा हजार चारशे सहा एकर.

गझालानं पुन्हा वाचलं. दशांश चिन्ह कुठं पुसलं गेलं का म्हणून पडदा ओढणीनं पुसला. एक लाख अकरा हजार चारशे सहा. तिनं त्या वावराचे पाच कोपरे उघडले. चार कोपऱ्यांपुढं वीस आणि अठ्ठ्याहत्तरनं सुरू होणारे लांबलचक आकडे होते, जसे राळेगावकडच्या सगळ्याच वावरांचे असतात. पाचव्या कोपऱ्यापुढं होतं, शून्य आणि शून्य.

नागपूरच्या मास्तरांनी शिकवलेलं तिला लख्ख आठवलं. रिमोटला उपग्रह दिसायच्या आधीच बटन दाबलं तर तो शून्य-शून्य टिपतो. आणि शून्य-शून्य ही पृथ्वीवरची खरी जागा आहे. आफ्रिकेच्या पलीकडं, भर समुद्रात, जिथं पाण्याशिवाय काही नाही. बबनरावांच्या वावराचा पाचवा कोपरा तिथं जाऊन बसला होता. अ‍ॅप उघडताना आधी सगळी वावरं एका नजरेत दाखवायला बघतं. म्हणजे सकाळपासून तो बिचारा रिमोट, जिथं साधा फोटो पोचायला पाच मिनिटं लागतात त्या गावातल्या रेंजवर, राळेगावपासून आफ्रिकेच्या पार पलीकडपर्यंतचा नकाशा मागत होता.

गझालाचे खांदे हलू लागले. तिनं ओढणी तोंडावर घेतली. सुग्राबी घाबरून धावत आली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवू लागली, म्हणाली की रडू नको, दुसरा रिमोट मागवू. गझालाच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं नुसता पडदा पुढं केला, मग आठवलं की अम्मीला वाचता येत नाही, आणि त्यानं तिला आणखीच हसू आलं. शेवटी हसण्यानं धापा टाकत तिनं सांगितलं. बबनरावांच्या पाचव्या कोपऱ्यावर, चिंचेच्या झाडाखाली, तिची चप्पल चिखलात रुतली होती. ती उपसताना तिनं रिमोट अम्मीच्या हातात दिला होता.

सुग्राबीनं थोडा वेळ आठवून पाहिलं. तिचा चेहरा पडला आणि मग हळूहळू उजळत गेला.

“मीच दाबलं,” ती म्हणाली. “तू चपलेत गुतली होती. म्या म्हटलं, पाणी येऊन राह्यलं, तेवढंच काम हलकं.”

मग ती धुऱ्यावरच बसली. दोघी एकमेकींच्या अंगावर कलंडून हसू लागल्या. घरी निघालेली माणसं थबकली, काय झालं म्हणून माघारी वळली. गझालानं काडीनं मातीत रेघ ओढून दाखवली. हे बबनरावांचं वावर. इथून एक धुरा निघाला तो यवतमाळच्या खालून, दिग्रसच्या अंगानं, मराठवाडा ओलांडून मुंबईवरून गेला, समुद्रात उतरला, आफ्रिका आडवी कापली आणि पलीकडच्या पाण्यात संपला. दुसरा धुरा त्याच्याच बाजूनं परत आला. मधलं सगळं बबनरावांचं.

बबनराव कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडं कितीतरी वेळ बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी जे काही वाढवून सांगितलं होतं, त्याहून हे मोठं होतं, आणि या वेळी ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मशीन सांगत होतं. शेवटी ते अगदी शांतपणे म्हणाले, “मंग मुंबईवाल्यायले निरोप धाडा. माह्या धुऱ्यावरून जाचं असन तं इचारून जा म्हणा.”

मग कुणी कुणाला आवरेना. एकानं विचारलं, एवढ्याचं निंदण कोण करन. दुसऱ्याला काळजी, समुद्रातल्या पऱ्हाटीला पाणी जास्त झालं तर मर लागेल. एकजण म्हणाला, रात्रीच्या जागलीला, पीक राखायला जाताना बबनराव चांदूर रेल्वेवरून गाडी पकडतील की थेट बोटीनं जातील. विमलताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू बाहेर पडलंच. सदाशिवराव हसताना खोकू लागले, तसा विमलताईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

हसण्यात वेळ जात होता, पण गझालाचे हात चालू होते. तिनं बबनरावांना विचारून त्यांचं वावर यादीतून पुसलं. लाख एकर एका बोटानं गेले, तेव्हा बबनरावांनी टोपी काढून छातीशी धरली. मग तिनं नेट पुन्हा सुरू केलं. माणसं पडद्याभोवती दाटली. निळं चक्र फिरू लागलं, एक तृतीयांश झालं, अर्धं झालं, सुग्राबीचे ओठ काहीतरी पुटपुटत होते, आणि नकाशा उघडला. हिरवीगार वावरं, मधून गेलेला नाला, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी. टाळ्या पडल्या. सुग्राबी लाजली, जणू नकाशा तिनंच काढला होता.

कोपरे टिपताना गझालानं या वेळी घाई केली नाही. पडद्याच्या वरच्या बाजूला उपग्रहांचं एक छोटं चिन्ह असतं. ते लाल असेल तर उपग्रह सापडलेले नाहीत, हिरवं झालं की सापडले. तिनं ते सुग्राबीला दाखवून ठेवलं. प्रत्येक कोपऱ्यावर सुग्राबी चिन्हाकडे टक लावून बघायची आणि हिरवं झाल्यावर मान हलवायची, मगच बटन दाबलं जायचं. सात एकर, सहा कोपरे. पण तोवर वारा सुटला होता, आणि वाऱ्यात औषध मारायचं नाही असा नियम. दुपारी विमलताईंनी दोघींना घरी नेऊन भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण वाढलं. सदाशिवराव दर दहा मिनिटांनी अंगणात जाऊन मूठभर माती वरून सोडून बघायचे. चार वाजता माती सरळ खाली पडली, तसे ते चपला शोधू लागले.

ड्रोन उठला तेव्हा पहिल्यांदा आवाज झाला, मग त्याच्याखालची पऱ्हाटी सगळ्या बाजूंनी खाली वाकली, पानांची पांढुरकी बाजू वर आली, आणि त्यावर फवाऱ्याचं बारीक धुकं उतरलं. तो एका कडेला गेला, धुऱ्यापाशी थबकला, अंगभर बाजूला सरकला आणि परत आला. गझालाच्या पोटात प्रत्येक वेळी तो उठताना गुदगुल्या होतात. त्या आजही झाल्या, आणि सकाळपासूनचं सगळं ओझं त्या गुदगुल्यांबरोबर वर उडून गेलं.

सदाशिवराव मागच्या धुऱ्यावर उभे होते. तीस वर्षं फवारणीच्या दिवशी त्यांच्या एका हातात पंपाचा दांडा असायचा आणि दुसऱ्यात नळी. आता दोन्ही हात मोकळे, आणि त्यांचं काय करावं हे त्यांना उमजेना. आधी त्यांनी ते पाठीमागं बांधले, मग खिशात घातले, मग कमरेवर ठेवले. ड्रोन तिसऱ्या ओळीला लागला तसे ते धुऱ्यानं, फवाऱ्यापासून लांब राहून, त्याच्याबरोबर चालू लागले. मग भरभर चालू लागले. मग एकसष्ट वर्षांचे सदाशिवराव धोतराचा सोगा हातात धरून धावत सुटले. ड्रोन वळला की तेही वळायचे, तो थबकला की तेही थबकायचे. विमलताई ओरडल्या नाहीत. त्या डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या आणि गझालाला म्हणाल्या, “लग्नापासून याले धावताना म्या आजच पाह्यलं.”

दर एकराला ड्रोन खाली यायचा, सुग्राबी टाकी भरायची, गझाला बॅटरी बदलायची, की तो पुन्हा वर. शेवटची ओळ संपली तेव्हा ऊन तिरपं होऊन सगळी पऱ्हाटी ओलसर चमकत होती. बबनरावांनी तिथंच दुसऱ्या दिवशीची सकाळ मागून घेतली, आणि कोपरे टिपताना सुग्राबी हजर हवीच, अशी अट घातली. आणखी चौघांनी नावं दिली.

घराच्या अंगणात विमलताईंनी सवयीनं बंब पेटवून ठेवला होता. फवारणी झाली की आधी कढत पाण्यानं अंघोळ, हा त्यांचा दंडक. पण सदाशिवरावांच्या अंगावर औषधाचा थेंब नव्हता. त्यांनी दोन्ही तळहात पुढं करून दाखवले. विमलताईंनी ते हुंगून पाहिले. मग बंबातलं पाणी घमेल्यात ओतलं, त्यात मीठ टाकलं, आणि धुऱ्यानं चालून आणि कॅन वाहून सुजलेले सुग्राबीचे पाय त्यात सोडायला लावले. सुग्राबी नको नको म्हणत होती. पाणी घोट्यापर्यंत आलं, तसे तिचे डोळे मिटले. गझाला पायरीवर बसून रिमोट पुसत होती आणि आत सदाशिवराव कुणाला तरी फोनवर सांगत होते, की आज आपण सात एकर धावून फवारलं.